क्रॉसिंगला थांबलेला डेटा

दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे एकेरीच राहिला. विळद, राहुरी, बेलापूर, पुणतांबा या स्टेशनांवर ‘क्रॉसिंग’ला ताटकळणे म्हणजे काय, हे नगरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. समोरची गाडी आत आली, की मगच आपली सुटणार. दुहेरीकरणाचे मोल इथल्या लोकांना कळते ते त्यामुळेच.

संगणकाच्या केबलमध्येही असेच दोन प्रकार असतात. एका वेळी एकाच दिशेने डेटा जाणार असेल तर तो हाफ डुप्लेक्स; जाणे-येणे एकाच वेळी चालत असेल तर फुल डुप्लेक्स.

इथरनेटची कल्पना 1973 साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांना सुचली. तेव्हा सगळ्या यंत्रांना मिळून एकच केबल होती. रेल्वेला निदान स्टेशनमास्तर असतो. इथे तोही नव्हता. प्रत्येक यंत्राने आधी कानोसा घ्यायचा, शांतता असेल तर बोलायचे, टक्कर झालीच तर दोघांनी थोडा वेळ गप्प बसून पुन्हा प्रयत्न करायचा. पुढे सगळ्या यंत्रांच्या केबल एकत्र जोडणारे स्विच आले, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबल मिळाली आणि 1997 साली फुल डुप्लेक्सचे प्रमाण ठरले. वाय-फायचा एक चॅनल मात्र आजही बहुतेक वेळा एकेरीच चालतो.

खरे बिघडते ते दोन टोकांचे एकमेकांशी जुळत नाही तेव्हा. 1995 पासून ‘ऑटो-निगोशिएशन’ आहे: केबल जोडताच दोन्ही यंत्रे आपापली क्षमता सांगतात आणि दोघांना झेपेल तो वेग आणि डुप्लेक्स ठरवतात. पण एका टोकाला कोणी हाताने ‘100, फुल’ (शंभर मेगाबिट, फुल डुप्लेक्स) असे पक्के केले, तर ते टोक ही बोलणीच करत नाही. ऑटोवर असलेले दुसरे टोक वेग ओळखते, डुप्लेक्स मात्र त्याला कळत नाही. नियमाप्रमाणे ते हाफ धरून चालते. मग एक टोक बेधडक पाठवत राहते आणि दुसऱ्याला वारंवार टक्कर झाल्यासारखे वाटते.

समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक लिनक्सवर चालतो. ऐन हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. ‘पिंग’ केले तर उत्तर लगेच येते, कारण ते पॅकेट चिमुकले असते. दिवसभराच्या वजनांची मोठी फाइल मुख्य कार्यालयात पाठवायला घेतली, की मात्र ती रखडते. अशा वेळी अनेकदा सर्व्हरला किंवा इंटरनेट कंपनीला बोल लावला जातो. प्रत्यक्षात ‘इथटूल’ ही आज्ञा नेटवर्क कार्डाच्या नावासह दिली, की पडद्यावरच्या माहितीत या तीन ओळी दिसतात: स्पीड 100, डुप्लेक्स हाफ, ऑटो-निगोशिएशन ऑन. दुखणे मधल्या ओळीत आहे.

संगणक ऑटोवर असूनही हाफ धरतो, म्हणजे स्विचचे टोक हाताने पक्के केलेले असणार. म्हणून उपाय स्विचच्या टोकाला आहे: तिथेही ऑटो ठेवावे. जुना स्विच तसे करू देत नसेल, तर संगणकावर ऑटो बंद करून तोच वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने लावावे. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही प्रणाली असेल, तर हेच काम ‘इफकॉन्फिग’ करते. तांब्याच्या केबलवर गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, असेल तर मात्र ऑटोला हात लावू नये. तिथे ही बोलणी सक्तीचीच आहेत. शिवाय गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. त्यामुळे हजाराचे कार्ड शंभरावर अडकलेले दिसले, तर सेटिंग बदलण्याआधी उंदराने केबल कुरतडली आहे का, हे पाहिलेले बरे.

इथटूलने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू होताच पुसला जातो. तो नेटवर्क मॅनेजरमध्ये किंवा डेबियन लिनक्सच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये नोंदवावा लागतो. फ्रीबीएसडीत त्यासाठी ‘आरसी.कॉन्फ’ आहे. नोंद झाल्यावर संगणक मुद्दाम एकदा बंद-चालू करावा, तीच मोठी फाइल पाठवावी आणि इथटूलकडे चुकांची आकडेवारी मागावी. ‘लेट कोलिजन’चा, म्हणजे उशिरा झालेल्या टकरींचा, आकडा जिथल्या तिथे थांबला असेल, तर काटा पुढच्या ट्रॅक्टरसाठी मोकळा झाला.