ओढ्यातले खेकडे काठावर का आले?



गेल्या उन्हाळ्यात वळवाचा पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आमच्या ओढ्यावर जत्रेसारखी गर्दी. बंधाऱ्याच्या डोहातले खेकडे पाण्यातून वर येऊन दगडांवर बसले होते. झिंगे काठाला असे गोळा झाले होते की ओंजळीनं उचलावेत. बारके मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. पोरं बादल्या घेऊन पळाली, आम्हीपण पदर खोचून उतरलो. आज देवानं न मागता दिलं, असंच सगळ्या म्हणत होत्या.

दुपारपर्यंत डोहावर पांढरी पोटं तरंगायला लागली. संध्याकाळी वासानं काठावर उभं राहवेना.

आमच्या गटातल्या तिघी जणी याच ओढ्यातले खेकडे आणि झिंगे आठवडी बाजारात विकतात आणि त्यातून कर्जाचा हप्ता भरतात. पुढं कितीतरी दिवस त्यांच्या पाटीत काही पडलं नाही. बैठकीत हप्ता थकला, तेव्हा तिघींच्या माना खाली. कुणी म्हणालं, वरच्या वस्तीवाल्यांनी औषध टाकलं. भांडणाची वेळ आली. पुढं मत्स्यपालनाच्या एका प्रशिक्षणात आम्ही ही सगळी हकीकत सांगितली, तेव्हा समजलं की या खुणा पाण्यातला प्राणवायू संपल्याच्या आहेत. आणि तो संपवण्यात आपल्याच गावाच्या गटारीचा मोठा वाटा असतो.

ते काय समजलं, ते या अंकात सांगते.

पाण्यातली काटकसर

पाण्यातल्या जिवालाही श्वास लागतो. तो घेतो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. पण हा साठा किती थोडा असतो बघा. एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, फार तर सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे त्यांचा संसार मुळातच काटकसरीचा.

त्यात पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. उलट उष्ण पाण्यात जिवांना श्वास जास्त लागतो. आवक कमी आणि खर्च जास्त, असा मे महिना त्यांच्यासाठी ओढाताणीचाच.

आपण गटाची रोकडवही लिहितो तशी ओढ्याचीही वही मांडून बघू. जमा कुठून? एक, वाऱ्यानं आणि दगडांवरून खळखळत जाताना पाण्यात हवा मिसळते. दोन, दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. खर्च कुठं? मासे, खेकडे, किडे श्वास घेतात. रात्री ऊन नसतं, तेव्हा शेवाळसुद्धा प्राणवायू सोडायचं थांबून घ्यायला लागतं. आणि सगळ्यात मोठा खर्च असतो घाण कुजवणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा.

गटारीचं पाणी, शेण, उष्टं-खरकटं, निर्माल्य, मळी, काहीही पाण्यात पडलं की जंतू ते खायला लागतात. खाद्य भरपूर, म्हणून त्यांची संख्या भराभर वाढते आणि तेवढा प्राणवायू ते ओढून घेतात. पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, ते प्रयोगशाळेत मोजतात. त्याला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी निकष असा की बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको. गटारीच्या कच्च्या पाण्याचा बीओडी शे-दोनशेच्या घरात असतो. आता तुम्हीच हिशोब करा, एक नाला किती पाण्याचा श्वास खाईल.

त्या रात्री काय झालं?

मे महिना होता. बंधाऱ्याला बरगे होते, पाणी वाहत नव्हतं, डोह तापला होता. तळाशी वर्षभराचा गाळ. वळवाच्या सरीनं गावातली सगळी गटार, उकिरड्याचा निथळ आणि गोठ्यांचं पाणी एकदम ओढ्यात ओतलं. तळाचा काळा गाळही ढवळला. जंतूंना मेजवानी मिळाली. आभाळ भरलेलं होतं म्हणून शेवाळानं दिवसा फारसं जमा केलं नव्हतं, आणि रात्री तेही खर्चात गेलं. पहाटेपर्यंत वही शून्यावर.

म्हणून असे प्रकार बहुतेक पहाटेच दिसतात. चोवीस तासांत पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो तो दिवस उगवायच्या आधी.

खेकड्याचे कल्ले ओले राहिले तर तो थोडा वेळ बाहेरच्या हवेत तगतो, म्हणून तो दगडावर चढला. झिंगे काठाच्या उथळ पाण्यात आले, कारण हवेला लागून असलेल्या थरातच थोडा प्राणवायू उरला होता. माशांचं वर येऊन तोंड उघडणंही त्याचसाठी. आम्ही ज्याला देवाचं दान समजलो, ती त्यांची धडपड होती.

मरळ आणि मांगूर हे मासे वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, म्हणून ते अशा पाण्यातही तगतात. बाकी साध्या माशांना दोन मिलिग्रॅमच्या खाली बराच वेळ राहिलं की जड जातं.

मासे शेवटी मरतात

मासे मेले की गाव जागं होतं. पण पाण्यातला त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. प्राणवायू आधी तळाशी संपतो, आणि बारके जीव राहतात तळाशीच, दगडाखाली आणि गाळात. त्यांना माशासारखं पोहून लांब जाता येत नाही.

शिंपला घ्या. तो पाणी आत ओढतो, गाळून त्यातलं खातो आणि स्वच्छ पाणी सोडतो. प्राणवायू कमी झाला की झाकणं मिटून बसतो. काही दिवस काढतो, पण तेवढे दिवस खाणं बंद, गाळणं बंद. त्यातून नदीतल्या शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशाच्या कल्ल्याला नाहीतर पराला चिकटून वाढतात. मासे गेले की शिंपल्याची पुढची पिढीही गेली.

खेकडीच्या पोटाखाली अंडी आणि नंतर बारकी पिल्लं असतात, हे आपल्याला माहीत आहे. अशी एक खेकडी मेली म्हणजे एक खेकडा गेला असं नाही. पुढच्या वर्षीची पाटी गेली.

काळ्या गाळातून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो प्राणवायू संपल्यावर तयार होणाऱ्या वायूचा. तो वायू स्वतः विषारी असतो. म्हणजे तळच्या जिवांवर दोन्हीकडून मार.

मग डास कसे वाढतात?

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. कमी प्राणवायूचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. काही जीव अशा पाण्यात उलट फोफावतात.

डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास घेते वरच्या हवेतून. शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून ती उलटी लोंबकळते. तिला पाण्यातला प्राणवायू असला काय, नसला काय. पण तिला खाणारे बारके मासे आणि चतुराची पिल्लं यांना तो लागतो. चतुर म्हणजे पोरं ज्याच्या शेपटीला दोरा बांधायची, तो. त्याचं बालपण पाण्यात जातं आणि तेव्हा तो डासांच्या अळ्यांवर जगतो.

घाण पाण्यात खाणारे मेले, अळ्या राहिल्या, वर त्यांना खायला घाण भरपूर. म्हणून गटारीच्या ओढ्याकाठच्या घरात संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही. या घाण पाण्यातल्या क्युलेक्स डासामुळं हत्तीरोग पसरतो. (डेंग्यूचा डास वेगळा, तो आपल्या घरच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायचीच.)

दगड उचला, पाणी वाचा

प्रयोगशाळेत पाणी पाठवायला पैसे आणि वेळ लागतो. पण तळचे जीव बघून ओढ्याची तब्येत आपल्यालाही बरीचशी कळते. महिन्यातून एकदा बैठकीच्या दिवशी अर्धा तास काढा. पांढरी थाळी, चहाची गाळणी आणि एक वही एवढंच लागतं. वाहत्या पाण्यातले मुठीएवढे दहा दगड उचला, त्यांची खालची बाजू थाळीत पाण्यानं धुवा आणि बघा.

पाणी चांगलं असल्याची खूण: शेपटीला दोन-तीन बारीक केस असलेले चपटे किडे. त्यांच्या पोटाच्या कडेला पानासारखे कल्ले हलताना दिसतात. तसंच वाळूच्या कणांचं किंवा पानांच्या तुकड्यांचं घर करून दगडाला चिकटलेल्या अळ्या. यांना भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून पाणी बिघडलं की पहिले हे जातात.

पाणी मध्यम असल्याची खूण: वरचे किडे नाहीत किंवा अगदी थोडे, पण चतुराची पिल्लं, खेकडे, झिंगे, शिंपले, गोगलगायी दिसतात.

पाणी बिघडल्याची खूण: बाकी काही नाही, फक्त लालभडक अळ्या, गाळात डोकं खुपसून शेपटी हलवणाऱ्या बारीक लाल किड्यांचे पुंजके, लांब नळीसारखी शेपटी असलेल्या मळकट अळ्या आणि डासांच्या अळ्या. लाल अळ्यांचा रंग आपल्या रक्तासारखाच, हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या थोडक्या प्राणवायूत भागवतात. दोन-चार लाल अळ्या चांगल्या ओढ्यातही असतात, त्यानं घाबरू नका. फक्त त्याच उरल्या तर चिंतेचं.

आणि चौथी खूण: पाणी नितळ, वासही नाही, पण दगडाखाली एकही जीव नाही. तिथं फवारणीच्या औषधाची शंका घ्या. कीटकनाशक किड्यांना मारायलाच बनवलेलं असतं, आणि झिंगा व खेकडा हे किड्यांचे लांबचे भाऊबंद. ओढ्यात एक पंप धुतला तरी त्यांना पुरतो.

पुराच्या दिवसांत ही तपासणी करू नका. धोका असतो, आणि लोंढ्यात किडेही वाहून गेलेले असतात. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवा आणि हात साबणानं धुवा.

आपल्या हातात काय आहे?

१. मोरी आणि धुण्याचं पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडा. सांडपाण्याचं काम सरकारी योजनेतून घेता येतं का, ते ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामसभेत ग्रामसंघाच्या नावानं लेखी मागणी द्या.

२. वळीव यायच्या आधी, म्हणजे एप्रिलातच, गटारीतला गाळ उपसा. शेणाचा उकिरडा ओढ्याच्या काठावरून हलवा. तेच शेण गांडूळखतात गेलं तर पैसे देतं.

३. फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या ओढ्यात धुऊ नका. घरच्या कारभाऱ्यालाही सांगा.

४. निर्माल्य कुंडात टाका. जलपर्णी वाढली असेल तर काठाशी सडू न देता बाहेर काढा.

५. मासे वर येताना दिसले तर आधी वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास लिहून ठेवा, फोटो काढा. मग ग्रामपंचायतीला कळवा. कारखान्याचं पाणी येत असल्याची शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते. त्यासाठी १९७४ पासून पाणी प्रदूषणाचा कायदा आहे.

६. असे वर आलेले किंवा मेलेले मासे, खेकडे खाऊ नका, विकू नका. आमच्या वेळी आम्ही बादल्या भरल्या, ती चूक होती. कारण प्राणवायू होता की विष, हे त्या वेळी काठावरून कुणालाच ओळखता येत नाही.

आमच्या ओढ्याचं काय झालं?

गावात सगळं बदललं असं म्हणणार नाही. ओढ्याकडच्या आळीतल्या घरांनी शोषखड्डे केले, एप्रिलात गटार उपसली, दोन उकिरडे हलले. तिसरा अजून आहे, मालक ऐकत नाही. यंदा वळीव झाला त्या पहाटे आम्ही सहा जणी बॅटरी घेऊन डोहावर गेलो. काठावर दोन खेकडे होते. आमची चाहूल लागली तसे ते पाण्यात शिरले आणि परत वर आले नाहीत. आम्ही उजाडेपर्यंत थांबलो.

बंधाऱ्याच्या खाली, पाणी खळखळतं तिथं, दगडाखाली तीन शेपट्यांचे किडे सापडले. मोजून चार. डोहात अजून लाल अळ्याच आहेत. दोन्ही वहीत लिहिलंय.

आणि त्या तिघींचा मागचा थकलेला हप्ता फिटला. पुढचा त्या स्वतः घेऊन आल्या, पाटीतले झिंगे विकून.