नाथसागराचे पाणी, दुपारचे ऊन

पुंडलिकनगरच्या जलकुंभात पाणी पोहोचते तेव्हा त्यावर बरीच वीज खर्ची पडलेली असते. नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, तुडुंब भरला तरी त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर, आणि आपले छत्रपती संभाजीनगर साधारण 568 मीटरवर. म्हणजे पाणी शंभर मीटर वर चढवायचे; उन्हाळ्यात धरण उतरले की आणखी. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला किमान 0.27 युनिट वीज लागते. हा गुरुत्वाकर्षणाचा दर, तिथे घासाघीस चालत नाही. पंपातला आणि जलवाहिनीतला तोटा वेगळाच. रोज 10 कोटी लिटर धरले तरी नुसत्या उपशाला 27 हजार युनिट हवेत.

आता या विजेसाठी गच्चीकडे वळू. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या सौर संचाला 78 हजार रुपये अनुदान आहे. असा संच दिवसाला सरासरी 12 युनिट देतो. (मे महिन्यात तो वाटतो तितका चमकत नाही, तापलेले पॅनेल दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज गमावते.) म्हणजे वरच्या उपशालाच सव्वादोन हजार गच्च्या लागतील, तीही वीज फक्त दिवसाच.

पण पंपाला रात्रीची वीज हवीच कशाला? विजेसाठी महागडी बॅटरी लागते, पाण्याला जलकुंभ पुरतो. दुपारी उपसा जोरात करावा, रात्री हात आखडावा. पैठणला हे नवे नाही: तिथल्या 12 मेगावॉटच्या केंद्रातले यंत्र पाणी सोडताना वीज करते आणि उलटे फिरवले की तेच पाणी वर चढवू शकते.

अडचण आहे ती नळाच्या तोंडाची. चोवीस तासांचे पाणी आठ तासांत चढवायचे तर पंप आणि वाहिनी तिप्पट क्षमतेची हवी. जुन्या 700 आणि 1400 मिलिमीटरच्या वाहिन्यांना ते झेपणारे नाही. नवी वाहिनी 2500 मिलिमीटरची आहे. जुन्या दोन्ही मिळून जेवढ्या, त्याच्या अडीचपट तिचा छेद. ही क्षमता उद्याच्या लोकसंख्येसाठी आहे हे खरे, पण तोवर ती उन्हासाठी वापरता येईल.

जायकवाडीवर तरंगते सौर पॅनेल टाकण्याच्या प्रकल्पाची चर्चा यापेक्षा जास्त झाली. पक्षी अभयारण्य आणि मासेमारांचा प्रश्न त्यात गुंतलेला. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये फेटाळली. दुपारच्या उपशाला मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही. तेव्हा गच्चीवर पॅनेल जरूर बसवा, आणि महापालिकेला एवढे विचारा: नव्या वाहिनीचे पंप दिवसा किती तास चालणार आहेत?