पोटातला जंतू आणि पुढचा धोका

पोटात जळजळ झाली की आपण 'पित्त झाले' म्हणतो, थंड दूध किंवा सोडा घेतो आणि कामाला लागतो. परंतु वर्षानुवर्षांच्या अशा दुखण्यामागे कित्येकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो आढळतो.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी तो ओळखला. १९८४ मध्ये मार्शल यांनी हा जंतू स्वतः पिऊन पाहिला. त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या जंतूमुळे जठराचे अस्तर आधी सुजते, मग झिजते, पुढे त्याची रचना बदलते. काहींच्या अस्तरावर गाठी येतात आणि त्यातील काहींचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. यास अनेक वर्षे लागतात. जंतू असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही, म्हणून घाबरून जाऊ नये.

मग जंतू मारला तर हा प्रवास थांबतो का? कोरियात ज्यांच्या जठरातील धोकादायक गाठ किंवा प्रारंभीचा कर्करोग दुर्बिणीतून काढला होता, अशा रुग्णांवर प्रयोग झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जंतूवर उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा सुमारे ७ जणांना पुन्हा कर्करोग झाला. न घेतलेल्यांपैकी सुमारे १३ जणांना. झिजलेले अस्तर उपचार घेतलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत सुधारले. इतरांत शेकडा १५ जणांतच.

म्हणजे धोका निम्म्यावर येतो, पण संपत नाही. धोकादायक गाठ केवळ गोळ्यांनी जाईल असे समजू नये. ती काढावीच लागते आणि नंतरही तपासणी चालू ठेवावी लागते. उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक.

बँकेत माझ्या खिडकीवर येणारे एक निवृत्त गृहस्थ सांगत होते, "चार दिवसांत बरे वाटले, गोळ्या सोडल्या." हीच चूक घातक आहे. साधारणतः चौदा दिवसांचा हा उपचार अर्धवट सोडल्यास जंतू शिल्लक राहतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करावी.

वजन घटणे, काळे शौच, वारंवार उलटी, गिळताना त्रास ही लक्षणे दिसल्यास सोड्यावर विसंबू नये. आपल्या शहरात घाटी आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली, तर ती टाळू नये. घरातील वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्यांनी अवश्य करावे.