कौलावरचे शेवाळ

पावसाळा सरला, की कौलांवर अन् स्लॅबवर शेवाळाचा काळपट थर उरतो. ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने तो निघतो. पण त्यात आणखी काय घालावे? धुण्याचा सोडा जरूर घालावा. सोड्याने पावडरीतला चुना तळाशी बसतो. वरची निवळी गाळून घेतली, म्हणजे पंपाचे नोझल तुंबत नाही. थोडी साबणपूड घातली, तर पाणी शेवाळात नीट मुरते. पण काम झटपट व्हावे म्हणून संडासाचे अ‍ॅसिड थेंबभरही ओतू नका! क्लोरीन वायू सुटतो, श्वास कोंडतो, आणि माणूस असतो शिडीवर. मोरचूदही नकोच. बागेत ते ठीक. इथे पागोळ्यांचे पाणी हौदात उतरते, अन् हौदावर जनावरे येतात. धुताना पन्हळ हौदावरून बाजूला फिरवावी. लोखंडी पत्र्याला ब्लीचिंगने गंज धरतो. तिथे आपला खराटा अन् साधे पाणीच बरे.