बिनपैशाचं नाटक

आपल्याकडे कनातीतला तमाशा बघायचा तर आधी पैसे मोजावे लागतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एक नाटक मंडळी मात्र शेक्सपिअरची नाटकं फुकट दाखवते. शेक्सपिअर हा ४०० वर्षांपूर्वीचा मोठा इंग्रज नाटककार.

१९५४ साली जोसेफ पॅप यानं ही मंडळी काढली. चांगलं नाटक गरिबालाही बघायला मिळावं, हा त्याचा हट्ट. १९५७ साली त्यानं चाकांवरचा रंगमंच ट्रकला जोडला आणि वस्त्यावस्त्यांतून खेळ केले. मग सेंट्रल पार्क या मोठ्या बागेत खेळ होऊ लागले.

१९५९ साली बागांचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस आडवे आले. लोक गवत तुडवतात, ते राखायला पैसा लागतो, तेव्हा तिकीट लावा, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तर हे कारण लंगडंच वाटतं. पॅप कोर्टात गेला नि जिंकला! १९६२ साली त्याच बागेत सुमारे १८०० माणसं बसतील असं उघडं नाट्यगृह झालं.

पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे, बरं का. नटांना पगार लागतो, दिवे लागतात, कपडे लागतात. हा खर्च देणग्या नि अनुदानातून भागतो. नफा कोणी घरी नेत नाही.

ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे मंडळीच जाते. तुरुंगातही तिनं खेळ केले आहेत. तिथं पडदा नाही, सजावट नाही. कैदी समोर बसतात आणि नट बोलू लागतात.