दोन लाडू, एक केळं

दर रविवारी सकाळी चहाआधी मुलगा वजनकाट्यावर उभा राहतो आणि मी वहीत आकडा लिहिते. वही किराणा हिशेबाची. डाव्या पानावर वाण्याचं बिल, उजव्या पानावर त्याचं वजन. जूनमधली पहिली नोंद ४७ किलोची. १६८ सेंटीमीटर उंचीला निदान ५२ तरी हवं, असं डॉक्टर म्हणाले. आधी रक्त, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, सगळं झालं. आजार नव्हता. पोटात जात होतं तेच कमी.

मी सुरुवातच चुकीची केली. ताटात भाताचा ढीग वाढायला लागले. चार दिवसांत त्याने जेवणाचा धसकाच घेतला. मित्राने त्याला पावडरचा डबा सुचवला, अडीच हजारांचा. घराचा हप्ता आणि रेल्वेचा पास गेल्यावर डोंबिवलीतल्या आमच्या घरात तेवढे उरत नाहीत.

मग पेन्सिल घेऊन बसले. रोज ५०० कॅलरी जादा गेल्या, तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो वाढतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३० कॅलरी. तेवढ्याच शेंगदाण्यांत ५६०च्या वर आणि २५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ढीग नको, मूठ हवी.

तेव्हापासून दर रविवारी लाडू. दाणे मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत. घाई केली तर बाहेरून करपतात, आतून कच्चट राहतात. गार झाले की सुपात चोळून सालं पाखडायची. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा; कुटाला तेल सुटू लागलं की चिरलेला गूळ घालून एकच फेरा. हाताला ओलसर लागलं की लाडू तुपाशिवाय वळतो. दोन लाडवांत ५० ग्रॅम दाणे, २५ ग्रॅम गूळ. त्यावर एक केळं. पंधरा रुपयांच्या आसपास खर्च, ५००ला थोड्याच कमी कॅलरी. उरलेलं वरणावरच्या चमचाभर तेलात निघतं.

पैशाचं गणित सुटलं, वेळेचं अडलं. सकाळी आठच्या आधी फास्ट पकडायची, तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पहिलं केळं दप्तरात, गर्दीत चेपून वहीला चिकटून परत आलं. आता ते कडक डब्यात जातं. घाटकोपरला मेट्रोवाले उतरले की हात वर करण्यापुरती जागा होते. तिथे पहिला लाडू. दुसरा संध्याकाळी, परतीच्या गाडीची वाट बघताना. जेवणाआधीचा चहा बंद केला, कारण तो भूक मारायचा.

पहिल्या महिन्यात वजन वाढलं, पण यांचं. शुगर असून डब्यात चोरून हात जात होता. तेव्हापासून मी चौदा लाडू मोजून ठेवते.

आठवड्याला अर्धा किलो कागदावरच राहिला. परीक्षेच्या आठवड्यात काटा खाली आला, तापाने आणखी खाली. पाच महिन्यांनी आज ५०.६. डाव्या पानावर दाणे एक किलोवरून अडीच किलोंवर गेलेत. वाण्याचं बिल वाढलं की माझ्या कपाळाला आठी पडतेच. या एका ओळीला पडत नाही.