जुनी टॉनी पोर्ट : रसापासून पिंपापर्यंत

गोव्यातील 'पोर्ट वाइन' या नावाची गोड लाल वाइन अनेकांना परिचित आहे. पोर्टचे मूळ स्थान मात्र पोर्तुगालमधील दौरू नदीचे खोरे होय. या क्षेत्राची हद्द १७५६ मध्येच ठरविण्यात आली.

कृती : तुरिगा नासियोनाल, तिंता रोरिस इत्यादी काळ्या जातींची पक्व द्राक्षे तुडवून रस सालीसह आंबविला जातो. निम्मी साखर शिल्लक असतानाच साधारण चार भाग रसास एक भाग द्राक्षाचे स्पिरिट (मद्यार्क ७७ टक्के) मिसळतात. त्यामुळे यीस्टचे कार्य थांबते, गोडी टिकते व मद्यार्क १९ ते २२ टक्के होतो.

मुरवण : टॉनी सुमारे ५५० लिटरच्या लाकडी पिंपांत मुरवितात. हवेच्या सावकाश संपर्काने लाल रंग विटून तपकिरी होतो. दरवर्षी सुमारे २ टक्के वाइन उडून जाते. म्हणजे १०० लिटरची दहा वर्षांत ८२ लिटरच उरते. बाटलीवरील १०, २०, ३० किंवा ४० वर्षे हा आकडा मिश्रणाची वयानुरूप प्रत दाखवितो.

चव : ताज्या फळाचा स्वाद कमी होऊन अक्रोड, बदाम, सुके अंजीर, संत्र्याची साल व करपवलेल्या साखरेचा स्वाद येतो. ती किंचित थंड करून देतात.

बागायतदारांनी लक्षात ठेवावे : भाव पडल्यावर उरलेल्या थॉमसन सीडलेसपासून अशी वाइन होत नाही, सालीत लाल रंगच नसतो. मद्यनिर्मितीस परवाना लागतो आणि भांडवल अनेक वर्षे अडकते. म्हणून वाइनच्या जातींची लागवड करण्यापूर्वीच वाइनरीशी लेखी खरेदी करार करावा.